असल, नक्कल आणि पाती

सहामाहीच्या वह्या तपासण्याचे काम ज्याने चार वर्षे केले आहे, त्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. दोन मुलांची गणिते बरोबर आली, तर त्यांनी एकमेकांचे पाहिले की नाही हे सांगता येत नाही. बरोबर उत्तर एकच असते. ते दोघांनाही आपापल्या बुद्धीने सापडलेले असू शकते. पण दोघांनीही सात चोक सव्वीस असे लिहिले, आणि त्याच ओळीत दोघांचाही हातचा विसरला, तर मास्तराला साक्षीपुराव्याची गरज उरत नाही. खऱ्यावरून नाते सिद्ध होत नाही. ते चुकीवरून होते. आणि तिसऱ्या वहीत तीच चूक असून शिवाय एक नवी चूक असली, म्हणजे कुणी कुणाचे पाहिले त्याचा क्रमही लागतो. मास्तराला अडवतो तो चौथा, म्हणजे हुशार मुलगा. तो डाव्या हाताच्या मुलाचे निम्मे उतरवतो, उजव्या हाताच्याचे निम्मे, आणि वर आपल्या पदरची दुरुस्ती करून दोघांच्याही चुका झाकून टाकतो. त्याची वही सर्वांत नीटनेटकी दिसते, आणि ती कुठून आली हे मात्र काही केल्या सांगता येत नाही.

युरोपात कार्ल लाखमान आणि त्याच्या परंपरेतील पंडितांनी एकोणिसाव्या शतकात जुन्या पोथ्यांच्या वंशावळी लावण्याची जी पद्धत बसवली, तिचे बीज एवढेच आहे. मी काही पदवीधर संशोधक नव्हे. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो. परंतु आमचा भोर-वेल्ह्याचा मुलूख असा आहे की, इथे राहणाऱ्याला जुन्या कागदाशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. ज्या कागदाने शिवछत्रपतींच्या चरित्राचे पहिलेच पान बदलून टाकले, तो याच खोऱ्यातून निघाला. आणि जो कागद माझ्या हातून बिघडला, तोही इथलाच. या दोन्ही गोष्टी मला आज सांगावयाच्या आहेत.

भोरहून आंबवड्याच्या बाजूने गेले म्हणजे कारी लागते. कान्होजी जेधे देशमुखांचे हे गाव. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना विजापूरची फर्माने गेली. तसे एक कान्होजींनाही आले. शेजारचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले, आणि कान्होजी पाच मुलांसह शिवाजीमहाराजांकडे गेले. वतनावर पाणी सोडल्याची ती हकीकत आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती आली आहे 'जेधे करीना' या कागदातून. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. त्यात घराण्याचा अभिमान असायचाच. करीना वाचताना तेवढी वजावट मनाशी धरून चालावे.

पण जेध्यांच्या घरातला दुसरा कागद निराळ्या जातीचा आहे. ती 'जेधे शकावली'. माझे विद्यार्थी दर वर्षी 'शाखावली' असे लिहितात आणि मी दर वर्षी लाल शाईने तो 'शा' कापतो. शक आणि आवली, म्हणजे शकवार लावलेली नोंदींची ओळ. (ती चूक अगदीच वाया गेलेली नाही, तिच्याकडे पुढे येईन.) १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटना तिथी-वारासह तुटक वाक्यांत मांडलेल्या. त्यात ना अलंकार, ना कुणाची स्तुती. किराणा दुकानाच्या खतावणीत जितका रस असेल तितकाच तिच्यात. आणि तिची किंमत नेमकी त्यामुळेच.

ही शकावली कारीच्या दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुखांनी लोकमान्य टिळकांच्या हाती दिली, आणि टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात छापून काढली. तोवर शिवजन्माचे साल सर्वत्र १६२७ असे चालत आले होते. मल्हार रामराव चिटणिसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिली तीत ते होते. ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास छापला त्यातही तेच. आणि मग शाळेच्या पुस्तकापासून कॅलेंडरापर्यंत तेच. एवढी माणसे एक साल सांगतात म्हटल्यावर ते खरे असणार, असे कुणालाही वाटेल. पण पुष्कळ तोंडांनी सांगितलेली गोष्ट ही पुष्कळ साक्षीदारांनी पाहिलेली गोष्ट असतेच असे नाही. इथे माझ्या वर्गातल्या वह्या आठवाव्यात. साल चालत आले. पण बखरींतल्या तिथींचा आपापसात मेळ बसत नव्हता. एकाची वही दुसऱ्याने पाहिली आणि दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने वाटेत थोडे आपले घातले, म्हणजे जसे होते तसे.

जेधे शकावलीने जन्मतिथी दिली ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. इंग्रजी हिशेबाने १९ फेब्रुवारी १६३०. आता यात एक खुबी आहे, ती सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटते. नुसते साल लिहिले असते, तर नकलकाराच्या हातून एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण तिथीबरोबर वार आणि नक्षत्र लिहिले की, तीन धाग्यांची गाठ पडते. पंचांगाचे गणित मांडून पाहावे: त्या तृतीयेला शुक्रवार येतो की नाही? येतो. मधल्या कुणा लेखकाने सालाचा आकडा चुकवला असता, तर ही गाठ सुटून पडली असती. जुन्या माणसांना तिथीपुढे वार लिहायची सवय होती ती बहुधा धर्मकृत्यापोटी. पण इतिहासाला तिचा असा उपयोग झाला की, कागद आपली साक्ष आपणच पटवू लागला.

तरीही वाद मिटला नाही. मिटण्यासारखा नव्हताच. जेध्यांची प्रत हीसुद्धा मूळ नोंदवही नव्हे. आधीच्या नोंदींवरून उतरत आलेली नक्कल आहे, असेच जाणकार मानतात. तिच्यातही चुका आहेत. जदुनाथ सरकारांसारख्या कसलेल्या संशोधकाने १९१९ साली निघालेल्या आपल्या शिवचरित्रात जुनेच साल धरले. निकाल फिरला तो दुसऱ्या कागदांमुळे. तंजावरास कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य मिळाले, त्यात हीच तिथी. जोधपुराकडे एका जोतिष्याच्या संग्रहात कुंडली मिळाली, तीही याच तिथीची. कुठे कारी, कुठे तंजावर, कुठे जोधपूर! या तिघांनी एकमेकांची वही पाहिली असणे शक्य नव्हते. दत्तो विष्णू आपटे आणि स. म. दिवेकर यांनी १९२५ साली 'शिवचरित्रप्रदीप' काढून त्यात हा सगळा ऐवज लोकांपुढे ठेवला. सरकारदरबारी ही तारीख पक्की व्हायला मात्र २००१ साल उजाडले, आणि आजही काही मंडळी शिवजयंती तारखेने करतात, काही तिथीने. असो. त्या वादात मला शिरायचे नाही.

मला सांगायचे आहे ते नकलेविषयी. आपल्याकडे नक्कल हा शब्द हलका पडला. नकलाकार म्हटले की तमाशातला सोंगाड्या डोळ्यांपुढे येतो. पूर्वीच्या राज्यकारभारात तसे नव्हते. सनदापत्रांच्या शेवटी एक ठरीव मजकूर असे: या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र ज्याचे त्याच्याकडे भोगवट्यासाठी परत द्यावे. असल म्हणजे मूळ, तालीक म्हणजे अधिकृत नक्कल. म्हणजे कागद परगण्याच्या कचेरीत दाखवला की तिथे त्याची एक प्रत राही, आणि मूळ धन्याच्या घरी जाई. पत्र दफ्तरी नोंदले म्हणजे त्यावर 'बार' असा शेरा पडे. ताडून पाहिले म्हणजे 'रुजू'. आपण हिशेबाची रुजुवात म्हणतो तो शब्द इथलाच. नुसते उतरवून घेणे हे अर्धे काम. समोर मूळ ठेवून ओळीने ओळ ताडून पाहणे हे उरलेले अर्धे.

आणि मोडी लिपीत या उरलेल्या अर्ध्याची फार गरज. कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायची. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हांचे नाव नको. वाचणाऱ्याने आपल्या अकलेने शब्द पाडायचे. दोन माणसे एकाच ओळीचे दोन अर्थ काढतात ते काही हट्टाने नव्हे.

याहून मोठी अडचण भाऊबंदकीची. देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी या वतनांच्या वाटण्या झाल्या की घराण्याच्या पाती पडत: थोरली पाती, मधली पाती, धाकटी पाती. असल कागद थोरल्या पातीकडे राहायचे, धाकट्यांनी नकला न्यायच्या. नेताना धाकटी पाती आपल्या सोयीचा मजकूर जपून उतरवी, बाकीच्यात घाई करी. पुढे तिच्याही पोटपाती पडत आणि नकलेची नक्कल होई. शंभर-दीडशे वर्षांनी तंटा मजलशीपुढे आला, म्हणजे एकाच करीन्याची चार रूपे चार पाती घेऊन उभ्या राहत आणि प्रत्येकीची आपली असल असे. माझे विद्यार्थी 'शाखावली' लिहितात ते या अर्थाने काही अगदीच खोटे नाही.

बखरींचे पाहावे. 'एक्याण्णव कलमी बखर' म्हणून एक आहे. तिच्या मराठी प्रती निरनिराळ्या. एक रूप फारसीत गेले, एक इंग्रजीत. वि. स. वाकसकरांनी ती छापली ती निरनिराळी रूपे शेजारी शेजारी लावून. वाचणाऱ्याला ती छपाई कंटाळवाणी वाटते. एकच वाक्य किंचित फरकाने पुन्हा पुन्हा वाचायचे! पण जो फरक वाटेत पडला तो तिथेच दिसतो. एकच सुबक बखर करून दिली असती तर वाचनसुख वाढले असते आणि फरक कायमचा बुडाला असता.

आणि असे फरक मोठ्या हेतूनेही बुडतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत फार अपपाठ शिरले म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शोधन केले, आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. त्यांचे उपकार आपण फेडू शकत नाही. पण त्यांच्यापुढे कोणकोणत्या प्रती होत्या, कुठला पाठ कुठून घेतला, काय टाकले, हे त्यांनी लिहून ठेवले नाही. त्या काळी तसे कुणी लिहीत नसे. शुद्ध प्रत वारकऱ्यांच्या हाती गेली आणि तिच्या मागच्या पाती अंधारात गेल्या. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, ती त्या अंधारात हात घालण्याचाच प्रयत्न होता.

हे काम कसे करावे याचा धडा पुण्यातच घातला गेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर संपादक झाले. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, आणि शेवटचे पर्व हातावेगळे होऊन काम संपले ते १९६६ साली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली: शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिप्यांतली. सुखठणकरांपुढे तोच माझा चौथा मुलगा येऊन उभा राहिला. प्रती सरळ बापाकडून मुलाकडे आलेल्या नव्हत्या; लेखकांनी दोन-दोन, तीन-तीन प्रती समोर ठेवून मिसळ केलेली होती. त्यामुळे वंशवृक्ष काटेकोर काढता येईना. त्यांनी केले ते असे: पानाच्या वरच्या भागात ठरवलेला पाठ, आणि खाली बारीक टाइपात कोणत्या प्रतीत काय निराळे आहे त्याची नोंद. वरच्या ओळी चार आणि खालच्या चौदा, अशीही पाने त्यात सापडतात. वर दिलेला पाठ कुणाला पटला नाही, तर खालच्या टिपांवरून त्याने आपला पाठ उभा करावा. एकही पाती मारलेली नाही.

आता माझी गोष्ट. 

वीस वर्षांपूर्वी मी वेल्हे तालुक्यात नोकरीला होतो. (त्या तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली, पण माझ्या वहीवर वेल्हे आहे, ते तसेच राहू द्यावे.) तोरण्याच्या सावलीत, गुंजण मावळातल्या एका वाडीत एक जुने घर होते. गावाचे व घराण्याचे नाव मी सांगत नाही. तिथल्या माळ्यावर एका रुमालात बांधलेल्या दोन वह्या होत्या. एकाच घराण्याच्या करीन्याच्या दोन नकला: एक थोरल्या पातीची, एक धाकट्या पातीची. धाकट्या पातीत पुढे वारस उरला नाही म्हणून तिची वहीही थोरल्यांकडे आलेली. घरातल्या आजी मोठ्या मनाच्या. "मास्तर, हितं बसून काय करायचं ते करा, पर कागद घराभाईर न्यायचं न्हाईत," म्हणाल्या. मी चार रविवार तिथे बसलो.

मला त्या वेळी कादंबरी लिहायची होती. संशोधन करायचे नव्हते. चांगली गोष्ट हवी होती. थोरल्या पातीच्या वहीत लढाया होत्या, धाकट्या पातीच्या वहीत घरातली माणसे होती. मी दोन्हींची मिळून एक हकीकत केली. जिथे दोघींत फरक होता तिथे मला जे बरे वाटले ते घेतले. लेखन आजच्या नियमाने शुद्ध केले. आणि धाकट्या पातीच्या वहीत एका पानाच्या समासात कुणी बारीक अक्षरांत लिहिले होते ते सोडून दिले. ते एवढेच होते की, धनी वारल्यावर मुलगा लहान म्हणून अमुक बाईंनी वतन चालवले, आणि ही नक्कल त्यांनी करवून घेतली. थोरल्या पातीच्या वहीत या बाईंचा नामोनिर्देशही नाही; तिथे नवरा वारतो आणि पुढच्याच ओळीत मुलगा कर्ता होतो. मधली दहा-बारा वर्षे गडप. मला वाटले, समासातले काय उतरवायचे! हकीकतीला त्याने काही वाढ होत नव्हती. कादंबरी झाली, छापली, विसरलीही गेली.

नऊ-दहा वर्षांनी एका आषाढात त्या घराची मागची भिंत बसली. माळा खाली आला. रुमाल दोन दिवस पाण्याखाली राहिला. मला कळले तेव्हा श्रावण लागला होता. आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी लगद्यासारखा झालेला एक गोळा आणून दाखवला. "कागद गेलं मास्तर," म्हणाल्या, "आता तुमच्या वहीत हाय तेवढंच आमचं." त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. कौतुकच होते, मास्तरांनी उतरवून घेतले म्हणून वाचले. मला त्यांच्याकडे पाहवेना. माझ्या वहीत थोरली पाती नव्हती, धाकटीही नव्हती. जे होते त्याला असल नव्हती.

यावर मी इतकी वर्षे कुणाशी बोललो नाही. गेल्या वर्षी मात्र एक जुना विद्यार्थी भेटायला आला. भोरचाच मुलगा, हल्ली हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असतो. त्याच्या कामाविषयी विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, आम्ही दिवसभर नकलाच करतो." मग त्याने जे सांगितले त्याने माझी झोप गेली.

संगणकाचा कार्यक्रम पुष्कळ माणसे मिळून लिहितात. कुणी काय केव्हा बदलले याचे दफ्तर ठेवणारी अवजारे निघाली आहेत. त्यांतले पहिले नावाजलेले १९७२ सालचे, बेल प्रयोगशाळेतले. पुढची बरीच वर्षे रीत अशी होती की, दफ्तर एका मध्यवर्ती कचेरीत राहायचे आणि काम करणाऱ्याने चालू पान तेवढे घरी न्यायचे. कचेरी जळली की इतिहास गेला. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने 'गिट' नावाचे अवजार केले. त्याच सुमाराला 'मर्क्युरियल' नावाचे दुसरे निघाले. यांनी रीत उलटी केली. नक्कल मागणाऱ्याला नुसते पान देत नाहीत, सगळे दफ्तर देतात: पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल, त्याच्या कर्त्याचे नाव, तारीख. शिवाय प्रत्येक नोंदीवर तिच्या मजकुरावरून व आधीच्या नोंदीवरून गणिताने काढलेला एक ठसा असतो. एक अक्षर बदलले तर ठसा जुळत नाही. मी त्याला तिथेच थांबवले आणि म्हटले, "अरे, हा तर शुक्रवार!" त्याला काही कळले नाही. मग मी त्याला जेध्यांची तिथी, वार आणि नक्षत्र समजावून सांगितले, तेव्हा तो पोटभर हसला.

त्यांच्याकडेही पाती आहेत. ते त्यांना ब्रँच म्हणतात. एकाने एक वाट धरायची, दुसऱ्याने दुसरी. दोन पाती पुन्हा एक केल्या, तर त्या एकत्रीकरणाच्या नोंदीत दोन्ही आईबापांची नावे राहतात. पुढे कुणालाही मागे जाऊन दोघांना वेगळे पाहता येते. मी केली ती मिसळ त्यांच्याकडे पाप नाही. आईबापांची नावे न लिहिणे हे पाप.

मग त्याने आणखी एक सांगितले, आणि ते मला सर्वांत लागले. पहिली नक्कल घेताना मूळ दफ्तरातल्या सगळ्या पाती येतात, पण उघडी होते ती एकच. बाकीच्या 'मूळच्या घरच्या' अशा चिठ्ठ्या लावून रुमालात बांधलेल्या राहतात. आता या नकलेवरून तिसऱ्याने नक्कल घेतली, तर जी पाती मधल्याने उघडून आपली म्हटली तेवढीच पुढे जाते. रुमालातल्या चिठ्ठ्या पुढे जात नाहीत. कुणी चोरत नाही, कुणी खोडत नाही. मागणाऱ्याने मागितले नाही आणि देणाऱ्याने बांधलेले सोडले नाही, एवढ्यावर पाती गळते. नवखे याच ठिकाणी फसतात. सगळ्या चिठ्ठ्यांसकट नक्कल हवी असेल तर तसे स्पष्ट मागावे लागते. तशा नकलेला ते आरसा म्हणतात. उलट ज्यांना घाई असते ते मुद्दाम एकच पाती, शेवटची चार पाने एवढेच मागतात. काम भागते, इतिहास येत नाही.

मोठी दफ्तरे पुन्हा पुन्हा वाहून नेण्याचा खर्च कसा वाचवावा, यावर त्यांची पुष्कळ डोकेफोड चालते. दोन संगणक आधी एकमेकांना विचारतात की तुझ्याकडे काय काय आहे, आणि उणे असेल तेवढेच पाठवतात. म्हणजे रुजुवात आधी आणि लेखन मागून. एका मुळातून फुटलेली चार दफ्तरे एकाच ठिकाणी असली, तर चौघांचे सारखे कागद एकदाच ठेवून चौघांनी त्यांचा आधार घ्यायचा, अशीही सोय आहे. जागा फार वाचते. पण मूळच्याने आपला एखादा जुना कागद टाकून दिला की बाकीच्या तिघांचे दफ्तर तिथे उसवते. हे ऐकताना मला आमच्याकडचे कितीतरी जुने तंटे आठवले. 'असल थोरल्या घरी आहे' एवढ्या भरवशावर धाकट्यांनी नकलाच केल्या नाहीत, आणि थोरल्या घराला आग लागली. भाटघरच्या धरणाने वेळवंडीचे खोरे पाण्याखाली घेतले, वेल्ह्यातले पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यातली घरेच्या घरे वाहून नेली. घरांबरोबर माळेही गेले असणार, आणि माळ्यांवरचे रुमालही.

विद्यार्थी गेल्यावर मी माझी वीस वर्षांपूर्वीची वही काढली. माझ्याजवळ मिसळ होती. पण ती करताना मी दोन रंगांच्या पेन्सिली वापरल्या होत्या, हे मी विसरून गेलो होतो. निळ्या खुणा थोरल्या पातीच्या, तांबड्या धाकटीच्या. सगळीकडे नाहीत, पहिल्या दोन रविवारी शिस्त होती, पुढे कंटाळलो. तरी निम्म्याअधिक मजकुराचे आईबाप सांगता आले. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी दोन कोऱ्या वह्या केल्या. जे निश्चित थोरलीचे ते एकीत, जे निश्चित धाकटीचे ते दुसरीत, आणि जे ठरत नाही ते दोन्हींत, चौकटीत घालून, 'संमिश्र' असा शेरा मारून. पहिल्या पानावर कोणी, केव्हा, कुठल्या कागदावरून उतरवले ते लिहिले. असल नष्ट झाल्याचे लिहिले. कादंबरीसाठी मी कुठे कुठे हात फिरवला तेही लिहिले. हे शेवटचे लिहिताना हात जड झाला.

समासातली नोंद आठवणीने लिहिली, आणि ती आठवणीने लिहिली असेही लिहिले. बाईंचे नाव आठवत नाही. चार अक्षरी होते आणि शेवटी 'बाई' होते, एवढे डोळ्यांपुढे येते. पण तशी नावे त्या मावळात घरोघर होती. आजी आता नाहीत. त्यांच्या सुनेला विचारले, तिने गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारले. त्यांनी दोन निराळी नावे सांगितली. मी दोन्ही नावे लिहून ठेवली, कुणी कोणते सांगितले ते पुढे लिहिले, आणि समासातली जागा रिकामी सोडली.